वल्ह्यांखालचं गाव

दत्ता,

तुझ्या त्या खोलीत बोलायला मनाई होती. नगरच्या दवाखान्यातली ती कोपऱ्यातली खोली. खिडकीला काळं कापड लावलेलं, दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली, वाजू नये म्हणून. नर्स चपला बाहेर काढून आत यायची. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की भांडं पडलं, कुणी शिंकलं, एकदम उजेड आला तरी याच्या अंगाला झटका येईल, नुसतं बसून राहा. तुझी बायको सुमन पायाशी आणि मी उशाशी, अशा आम्ही दोघी तोंडाला पदर लावून बसून राहिलो. तू शुद्धीवर होतास. तुला सगळं कळत होतं. आणि जन्मभर तुझ्याशी वाद घालत आलेली मी, तुझी थोरली बहीण, तुझ्याजवळ एक शब्द न बोलता बसले. म्हणून आता बोलते. आता माझ्या आवाजानं तुला काही होणार नाही.

भेटायला येणारे विचारतात, कशानं गेला? मी सांगते, धनुर्वातानं. ते मान हलवतात आणि चहा पितात. त्यांना आणखी काय सांगणार? धरणात पाणी अडवलं तेव्हापासून सुरुवात करावी लागेल, आणि तेवढं ऐकायला कुणाला वेळ नसतो.

मुळेला धरण झालं आणि आपलं गाव पाण्यात गेलं, तेव्हा मी लग्न होऊन राहुरीत होते, मुलींच्या शाळेत शिकवत होते. तू मात्र गावाबरोबर माळावरच्या वसाहतीत गेलास. सरकारनं आखून दिलेल्या सरळ रेघांतली घरं, एकाही दारापुढं झाड नाही, आणि दोन पत्र्याच्या शेडमध्ये तुझी शाळा. दुपारी पत्रा तापला की तू पोरांना घेऊन बाहेर सावलीला बसायचास, आणि सावली सरकेल तसा वर्ग सरकायचा. आई तिथंच वारली. माळावरची विहीर तिला शेवटपर्यंत आपली वाटली नाही. ती तिला “सरकारी पाणी” म्हणायची.

इकडं तालुक्याच्या गावाला त्या पाण्याचं कोण कौतुक! एवढं पाणी आपल्याकडं कुणी बघितलं होतं? शाळाशाळांच्या होडीच्या शर्यती घ्यायच्या असं ठरलं. मोठ्या शाळेचे मुख्याध्यापक, ज्यांना सगळेच हेडसर म्हणायचे, ते समितीचे अध्यक्ष झाले. मलाही घेतलं समितीत. कशासाठी, तर चहापाण्याचं बघायला. तू किती हसला होतास तेव्हा.

पहिल्या वर्षी नियम साधा होता. ज्यानं त्यानं आपापली होडी आणायची, आठवी ते दहावीची चार मुलं बसवायची. मोठ्या शाळेला कुणी देणगीदारानं लाकडी, हलक्या, रंगवलेल्या होड्या करून दिल्या होत्या. बाकीच्यांना पाटबंधारे खात्याच्या गळक्या, पत्र्याच्या. एक मुलगा वल्हवणार, दुसरा डब्यानं पाणी उपसणार. मोठी शाळा पहिली आली यात नवल ते काय? तुझ्या शाळेला आमंत्रण गेलं होतं. तुझी मुलं आली नाहीत.

मी तरातरा वसाहतीत आले ते आठवतं तुला? तू शाळेपुढं धोंडूतात्यांबरोबर बसला होतास. गावचा सगळ्यात जुना माणूस, देवीची पूजा त्यांच्याकडं. मी म्हटलं, “तात्या, नदीकाठची पोरं ही. पाण्यात लहानाची मोठी झालेली. यांनी यायचं नाही, तर कुणी यायचं?”

तात्या म्हणाले, “पोरी, शर्यतीची वाट कुटनं जाती ठाऊक हाय का तुला? डाकबंगल्याखालनं निगती आन् नीट गावठानावरनं जाती. खाली आपली आई हाय, देवीचं ठानं हाय. म्हसनवाटा हाय. माझी म्हातारी तितंच जाळली म्या. तिच्या डोक्यावरनं पोरांनी वल्ही मारायची, आन् वर लोकांनी टाळ्या पिटायच्या? आमी न्हाई धाडनार.”

मला ते ठाऊक होतं, दत्ता. आपलं घरही त्याच रेषेत होतं. पण मी स्वतःला तसा विचार करू देत नव्हते. घरी परतताना तू मला एस.टी.पर्यंत सोडायला आलास आणि तिथं आपला वाद सुरू झाला, तो मिटलाच नाही. मी म्हणत होते, आधी होडीत बसा, मग होडी वळवा. बाहेर राहून कुणी तुमचं ऐकणार नाही. तू म्हणालास, “आक्का, सगळ्यांना सारखंच आमंत्रण दिलं की झाला न्याय, असं त्यांना वाटतं. त्यांना नुसतं पाणी दिसतं गं. माझ्या पोरांना खालचं दिसतं.”

एस.टी. आली. मी चढता चढता म्हटलं, “मग काय करणारेस?”

तू म्हणालास, “दोन्ही करणार. आत शिरणार, आणि वाटही बदलायला लावणार.”

दुसऱ्या वर्षी तू समितीपुढं आलास. बैठक धरणाच्या काठावरच होती. तू फार बोलला नाहीस. एक पत्र्याची होडी काठाला लागली होती, तिच्याकडं बोट दाखवून हेडसरांना म्हणालास, “सर, जरा बसून बघता का?” मी हातातली कपबशी खाली ठेवली. हेडसर तसे करारी, पण अप्रामाणिक माणूस नव्हे. ते खरोखर जाऊन बसले. तू होडी थोडी आत ढकललीस, आणि ते परत काठावर आले तेव्हा त्यांचं धोतर पोटरीपर्यंत भिजलेलं होतं. कुणी हसलं नाही. हेडसर धोतर पिळत म्हणाले, “चिठ्ठ्या टाकू. ज्याला जी येईल ती होडी. आणि पहिल्या फेरीनंतर होड्यांची अदलाबदल.” त्या दिवशी मला तुझा असा अभिमान वाटला की मी तुला सगळ्यांदेखत दोन कप चहा दिला.

मुलींना होडीत बसवणं मात्र त्यांना पटेना. आणि तुझ्या शाळेत मुळात चार मुलगे होईनात. दोन होते. बाकी मोठ्या मुलांना आईबापांनी कामाला लावलेलं. मग तू म्हणालास, मुलं-मुली मिसळून चमू चालला पाहिजे, नाहीतर लहान शाळा कायमच्या बाहेर. हे मला आवडलं, कारण माझ्या शाळेतल्या मुलींचीही वाट त्यातून उघडत होती. पण तू जिला घेतलंस ती सिंधू. पोलिओनं एक पाय वाळलेला, कुबडीवर चालणारी. आणि मी, जी मुलींसाठी समितीत भांडत होते, मीच तुझ्यावर ओरडले.

“होडी उलटली तर, दत्ता?”

“उलटली तर दोन पायांचेही बुडतात.”

“तिच्या आईला तू काय सांगशील?”

“तिच्या आईनंच सांगितलं, घेऊन जा म्हणून.”

सिंधू तिथंच कुबडीवर रेलून उभी होती. ती म्हणाली, “बाई, पान्यात माजा पाय लंगडत न्हाई.” मला पटलं नव्हतं. अजूनही, खरं सांगू, पूर्ण पटलेलं नाही. वल्हं ओढताना पाय टेकायला काही लागतं, म्हणून तू तिच्यासाठी होडीत आडवी फळी ठोकलीस. हेडसर म्हणाले, एका होडीला फळी आणि दुसऱ्यांना नाही, हे कसं चालेल? तू म्हणालास, सगळ्यांना ठोकू. आणि सगळ्यांना ठोकल्यावर सगळीच मुलं आधीपेक्षा जोरात वल्हवू लागली. त्या फळ्या तशाच राहिल्या.

दुसऱ्या वर्षी एवढंच झालं. नियम वाकले, वाट वाकली नाही. प्रेक्षक डाकबंगल्याच्या उतारावर बसतात, शर्यत तिथूनच दिसली पाहिजे, असं समिती म्हणाली. तुझी मुलं काठावरून बघत राहिली. सिंधूही.

मग तो पावसाळा कोरडा गेला.

कुणी म्हणायचं, उशिरा येईल. गणपतीत येईल, नवरात्रात येईल. दसऱ्यानंतर लोक बोलायचे थांबले. माझ्या वर्गातल्या मुली रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी डब्यात आणू लागल्या आणि झाकण उघडून एकमेकींकडं न बघता खाऊ लागल्या. वसाहतीतली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली, पोरंही गेली. तुझा वर्ग तू खडीच्या ढिगाजवळ, पोरांना सुकडीचा सरकारी खाऊ वाटायच्या वेळेला भरवायचास.

आणि धरण उतरू लागलं. डोंगराला पाण्याची पांढरी रेघ दिसू लागली, मग तिच्याखाली दुसरी. एका सकाळी कुणीतरी वसाहतीत सांगत आलं की पाण्यातून काहीतरी वर आलंय. ते देवीच्या देवळाचं शिखर होतं. त्यानंतर चिंचेच्या काळ्या फांद्या आल्या, एकही पान नसलेल्या, बोटं वर केल्यासारख्या. मग शाळेची भिंत. मग घरांच्या भिंती, वरून विरघळलेल्या, गुडघ्याएवढ्या. कुजलेल्या गाळाचा वास वाऱ्याबरोबर वसाहतीपर्यंत यायचा. संध्याकाळी कामावरून परतताना माणसं टेकाडावर थांबायची आणि खाली बघत राहायची. तू मला म्हणालास, “आक्का, गाव बुडालं तेव्हा एवढी भीती वाटली नव्हती. हे वर येतंय त्याची वाटते.”

मी तुला त्याच वेळी सांगितलं होतं, यंदा शर्यत नको. दुष्काळाचं साल, लोक खडी फोडतायत, कुणाला हौस आहे? शिवाय खोल पाणी उरलं होतं ते फक्त जुन्या नदीच्या पात्रात, आणि ते पात्र गावाला घासून जातं. आता वाट बदलायलाही जागा नव्हती. काही भिंती वर आलेल्या, काही पाण्याच्या जेमतेम खाली. होडी आपटायला एवढं पुरे. तुला हे सगळं मान्य होतं. तरी तू म्हणालास, “यंदा समितीनं मुली मान्य केल्यात. मिसळलेला चमू मान्य केलाय. सिंधूला मान्य केलंय. यंदा बंद पडलं, तर पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून भांडावं लागेल. आणि पोरांकडं या वर्षात दुसरं काय आहे, सांग?”

मी माझ्या मुलींची नावं समितीत दिली. पण मनातून मला ही शर्यत नकोच होती.

धोंडूतात्या या वेळी नाही म्हणतील अशी मला आशा होती. ते म्हणाले, “आता ती वर आली. तिला इचारून घ्या.” वसाहतीतल्या बायका गाळ तुडवत देवळापर्यंत गेल्या, देवीची ओटी भरली. मूर्ती वसाहतीत नेलेली, खाली नुसता चौथरा. त्या रिकाम्या चौथऱ्याची ओटी भरली, दत्ता. मीही भरली. परतताना तात्यांनी तुझ्या पाठीवर हात ठेवला. “न्हे पोरांना,” म्हणाले. तुझा चेहरा उजळला, आणि मी मात्र मागं वळून त्या रिकाम्या चौथऱ्याकडं बघितलं.

नंतर तू भिंतींना खुणा करायला घेतलंस. जिथं जिथं पाण्याखाली भिंत आहे तिथं बांबू रोवायचा, वर रंगीत चिंधी बांधायची, म्हणजे मुलांना लांबून दिसेल. कोणती भिंत कुठं आहे हे समितीत कुणाला ठाऊक असणार? तू त्या गल्ल्यांत वाढलेला. एका रविवारी मीही तुझ्याबरोबर आले. आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून आणल्या होत्या मी. तू होडीतून उतरायचास, कमरेएवढ्या पाण्यात पायानं चाचपत चालायचास आणि म्हणायचास, “हा सुताराचा ओटा. हा चावडीचा कोपरा.” मी बांबू द्यायची. थंडी होती, तुझे ओठ निळे पडले होते, आणि तू बोलत होतास जसं काही आपण दिवाळीत कुणाकुणाच्या घरी फराळाला चाललोय.

मग आपलं घर आलं. तिथं पाणी नव्हतं, नुसता गाळ. मी म्हटलं, नको जाऊस. तू म्हणालास, “एवढं आलोय तर माजघर बघून येतो.” उंबरा होता तिथं तू पाय टाकलास आणि “आई गं” केलंस. चौकट तर आपण गाव सोडताना काढून नेली होती, पण तिचा एक लांब खिळा भिंतीच्या मातीबरोबर खाली पडून राहिला असावा. टाचेजवळ एवढंसं भोक. रक्तसुद्धा धड आलं नाही. मी पदरानं पुसलं. तू एका पायावर उभा राहून हसत म्हणालास, “घरानं ओळखलं नाही मला.”

“राहुरीला चल, इंजेक्शन घे,” मी म्हटलं.

“शर्यत झाली की येतो. तुझ्याकडं जेवतो नि सुई पण टोचून घेतो.”

मी परत म्हटलं. सुमनला सांगून ठेवलं, तीही म्हणाली. तिनं हळद भरली. चार-सहा दिवसांत भोक भरून आलं, वर खपली धरली. तू मला पाय वर करून दाखवलास, आणि मलाही वाटलं, बरं झालं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी तू न्याहारी केली नाहीस. म्हणालास, जबडा धरलाय, अक्कलदाढ येत असेल. मान अवघडलीय, रात्री वारा लागला. मी चहा दिला तो तू दातांतून ओढून प्यालास. माझ्या मुली पहिल्यांदाच होडीत बसणार होत्या, मी त्यांच्या वेण्या घट्ट बांधण्यात गुंतलेले. वारा सुटला होता. पाण्यात उभ्या बांबूंवर आईच्या लुगड्याच्या चिंध्या फडफडत होत्या आणि त्यांच्या मधून शिखर वर आलेलं. उतारावर माणसं जमली होती, पण दरवर्षीसारखा गोंगाट नव्हता. सगळे त्या भिंतींकडं बघत होते.

चिठ्ठ्या निघाल्या. तुझ्या मुलांना पत्र्याची आली, मोठ्या शाळेला लाकडी. पहिल्या फेरीत तुझी मुलं चौथी. होड्या बदलल्या. दुसऱ्या फेरीत तुझी मुलं लाकडी होडीत, आणि मोठ्या शाळेची मुलं पत्र्याच्या होडीत बसताना पहिल्यांदा एकमेकांकडं बघत होती. हेडसर स्वतः काठावर उभे. शिट्टी वाजली. गावाच्या कोपऱ्याला होड्या आल्या तेव्हा मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा सिंधूचा चमू बांबूंच्या ओळीतून बाहेर पडत होता, एकाही भिंतीला न टेकता, आणि सिंधूचे दोन्ही हात वल्ह्यावर असे चालले होते की तात्या माझ्याशेजारी उभे राहून “अगं ये पोरी, ये, ये” एवढंच म्हणत होते. ती फेरी त्यांनी जिंकली. दोन्ही फेऱ्या मिळून दुसरे आले. माझ्या मुली सगळ्यात शेवटी आल्या आणि तळहातांवरचे फोड मला दागिन्यांसारखे दाखवू लागल्या.

मी वळून तुला शोधलं. तू पाण्याच्या काठाशी ताठ उभा होतास, मान मागं, आणि हसत होतास. दात दिसत होते, ओठ दोन्हीकडं ताणलेले. मी ओरडले, “बघितलंस का?” तू काही बोलला नाहीस, हसतच राहिलास. हेडसर तुझ्याजवळ गेले, म्हणाले, “दत्तात्रय, तुमचं खरं होतं.” तू हसत राहिलास. सिंधू कुबडी टाकून, सुमनच्या खांद्याला धरून आली. “मास्तर, झालं का न्हाई?” तू हसत राहिलास. मग मी जवळ आले आणि तुझे डोळे बघितले. डोळे हसत नव्हते, दत्ता. डोळे मला हाका मारत होते. तुला तोंड उघडता येत नव्हतं.

हेडसरांनीच जीप मिळवली. राहुरीच्या डॉक्टरांनी तुझ्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि कुठं जखम झाली होती का, विचारलं. मी टाच दाखवली. खपली तशीच होती, स्वच्छ, कोरडी. म्हणाले, ताबडतोब नगरला न्या. रस्ताभर प्रत्येक खड्ड्याला तुझं अंग कमानीसारखं वर यायचं, आणि मी तुझं डोकं मांडीवर धरून त्या खड्ड्यांना शिव्या देत होते. तोंडातल्या तोंडात.

त्या खोलीत मी काय काय बोलायचं ठेवून बसले होते. तू मला लहानपणी पोहायला शिकवलंस, थोरली असून मीच घाबरट. माझ्या सासरी येऊन तू सांगितलंस, आक्का नोकरी करणार, तेव्हा तुला मिसरूडही फुटलं नव्हतं. तुझ्यामुळं मी समितीत चहाच्या टेबलामागून पुढं आले. हे सगळं सांगायचं होतं, आणि हेही, की तुझ्यावर मला भयंकर राग आला होता. एका शर्यतीसाठी, दत्ता? त्या पोरांना तू हवा होतास. होडी नव्हे. मग परत वाटायचं, हे याला पटणार नाही, हा उठून बसेल आणि वाद घालील. उठून बसावंस म्हणून तरी बोलावंसं वाटायचं. पण बोलायचं नव्हतं. एकदा बाहेर व्हरांड्यात हेडसर उभे दिसले, हातात स्वतःचे जोडे घेऊन. आत आले नाहीत. तसेच बराच वेळ उभे राहून गेले.

पहाटे शेवटचा झटका आला तेव्हा सुमननं तुझ्या पावलांवर दोन्ही हात ठेवले होते. मग अंग सैल पडलं. इतक्या दिवसांनी तुझा जबडा सुटला, आणि तुझा चेहरा पुन्हा तुझा झाला.

टेम्पोतून तुला वसाहतीत आणलं. तिथली नवी स्मशानभूमी म्हणजे चार खांब आणि पत्रा. धोंडूतात्या पुढं आले, सुमनला म्हणाले, “पोरी, म्हसनवाटा वर आलाय. आपल्या मानसाला आपल्या जागी न्हेऊ का?” मला म्हणायचं होतं, नको, त्या गावानंच याला नेलंय. पण तो तिचा निर्णय होता. तिनं मान हलवली. गाळ सुकून त्याला भेगा पडल्या होत्या, त्यावरून तुला नेलं. सिंधू शेवटपर्यंत कुबडीवर चालत आली. कुबडी भेगांत अडकायची, ती काढायची नि पुढं यायची. कुणाला धरू दिलं नाही तिनं. नदीकाठी, आज्जी-आजोबांच्या जागी, तुला अग्नी दिला.

तेरावा झाल्यावर समितीची बैठक होती. हेडसर म्हणाले, ढाल तुझ्या नावानं द्यायची. मी म्हटलं, नाव राहू द्या, नियम कागदावर पक्के करा. चिठ्ठ्या, अदलाबदल, फळ्या, मुली, मिसळलेले चमू, आणि शरीरानं अधू म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही. सगळं मंजूर झालं. मग हेडसर माझ्याकडं वळले. “बाई, वाटेचं काय करायचं? पाणी आलं तर आपण ती पलीकडून नेऊ. उताराचा हट्ट मी सोडतो.” तीन वर्षं तू जे मागत होतास ते त्यांनी असं समोर ठेवलं.

मी आनंदानं सांगायला वसाहतीत गेले. तात्या शाळेपुढं बसले होते, शेजारची तुझी जागा तशीच सोडून. मी सांगितलं. ते म्हणाले, “कशापायी बदलायची वाट? जाऊ द्या की पोरांना वरनं. आता मास्तर हाय तितं. वळखीचं मानूस हाय खाली.”

सिंधूही म्हणाली, “आमी तिकडनंच जानार, बाई.”

मी त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, तुमच्यासाठीच तो भांडला ना वाट बदला म्हणून? आता तुम्हीच नको म्हणता? मी समितीत सांगणार, वाट बदलायची म्हणजे बदलायची. माझा आवाज त्या पत्र्यांवर आदळून परत आला. तेव्हा लक्षात आलं, तुझं वाक्य माझ्या तोंडात होतं आणि माझं त्यांच्या. आधी होडीत बसू म्हणणारी मी, आणि आता मलाच ते पाणी सहन होत नाही. तू असतास तर यातून काहीतरी तिसरंच काढलं असतंस. मला ते सुचत नाही. तू कोणत्या बाजूला झाला असतास, हेही सांगता येत नाही. तेवढं एक सांगून जायचं होतंस.

वाट कुठून न्यायची ते अजून ठरलेलं नाही. आधी पाणी तर हवं. काल शाळा सुटल्यावर मी टेकाडावर गेले होते. पाणी आणखी उतरलंय. तुला अग्नी दिला तो नदीकाठचा काळा चौकोन वरून स्पष्ट दिसतो. गावातल्या विहिरी आटल्यात, जनावरं छावणीत, माझ्या मुली घागरी घेऊन टँकरच्या मागं धावतात. सगळा जिल्हा आभाळाकडं बघतोय. पाऊस यायलाच हवा, दत्ता, नाहीतर माणसं जगायची नाहीत. रोज देवापुढं हात जोडून मी तो मागते. मागताना मला ठाऊक असतं की तो आला, धरण भरलं, की पाणी हळूहळू वर चढेल, आधी त्या काळ्या चौकोनावर येईल, मग आपल्या उंबऱ्यावर. तरी मागते.